कॉलर धरून शिकवलेलं इंग्रजी

म्हसावदच्या पंचक्रोशीत इंग्रजी येणारा, पण आमच्या सरांनी कधीच वर्गाबाहेर न काढलेला एक माणूस दाखवा, मी मिशी उतरवीन. सर म्हणजे आमच्या शाळेतले इंग्रजीचे शिक्षक. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवतो. ‘थ्रो आउट’ म्हणजे हाकलून देणे, एवढं फळ्यावर लिहून त्यांचं भागत नसे. ते कुणाची तरी कॉलर धरत, त्याला व्हरांड्यात सोडत, दार लावून घेत आणि वर्गाला विचारत, आता काय झालं? धडा तिथेही संपत नसे. बाहेरच्याने दार वाजवायचं, इंग्रजीत आत येण्याची परवानगी मागायची, मग सर कडी काढणार. इंग्रजी शाळांना टाय बांधून जमलं नाही, ते सरांनी नुसत्या कॉलरवर करून दाखवलं. पुढे पुढे तर तो मानच झाला. आमचे सरपंच अजून भाषणात सांगतात, सरांनी मला दोनदा काढलं होतं.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी अध्यापनाची पद्धत दाखवा म्हटलं. सरांनी साहेबांचीच कॉलर धरली. मुख्याध्यापकांना घाम फुटला, पण वर्ग खूश.

“सरनी सायबले थ्रो आउट करं,” सगळी पोरं एका सुरात म्हणाली.

साहेबांनी निमूट दार वाजवलं. त्यांचं वाक्य चुकलं, म्हणून सरांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. शेऱ्यात साहेबांनी लिहिलं, ‘कृतियुक्त अध्यापन, उत्तम’. कृती कोणावर झाली हे तेवढं लिहिलं नाही.

यंदा सर निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं झाली, पोरं घरी गेली, तरी हे आपल्या वर्गात खुर्चीवर बसूनच. शिपाई कुलूप घेऊन ताटकळलेला. त्यांना उठा म्हणायची कुणाची छाती होईना. शेवटी मी त्यांचा हात धरला.

“हात धरीसन काढानं त्याले थ्रो आउट नई म्हणतस, सर,” ते म्हणाले. “कॉलर धरा.”

मी कॉलर धरली. त्यांना व्हरांड्यात सोडलं, त्यांच्याच रीतीने दार लावून घेतलं आणि कडीवर हात ठेवून आत उभा राहिलो. आता दार वाजवतील, परवानगी मागतील, मी लगेच उघडीन. बाहेर चपलांचा आवाज झाला आणि फाटकाकडे गेला. आयुष्यभर धडा कधी अर्धा सोडला नाही या माणसाने, आणि आज सोडला. मला त्यांचा फार राग आला. शिपायाने हाक मारली तरी माझा हात कडीवरच होता.