सुनंदाच्या झिनियावरचे काळे ठिपके

मंडळी, आज मला चक्क एका आजारी झाडाचा हेवा वाटला. खरं सांगते, अजून वाटतोय.

भिवपुरीत माझ्या अंगणातल्या झिनियावर भुरी पडलीय. ती पांढरी पावडर म्हणजे बुरशी. तिची नेमकी जात ओळखायला त्या पांढऱ्यात बारीक काळे ठिपके सापडावे लागतात. आपल्या उबदार हवेत ते क्वचितच दिसतात. तीन महिने मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेय, एक ठिपका नाही.

आज खालापूरला मैत्रिणीकडे, सुनंदाकडे गेले. तिच्या कुंडीतही झिनिया, त्यावरही भुरी, आणि पानापानावर काळे ठिपके! झाडाला पाणी घालायला विसरणाऱ्या बाईच्या दारात!

"काय झालंय गं याला?" तिने विचारलं.

माझा नुसता जळफळाट झाला. मला नाही तर कोणालाच नको, असं काहीतरी डोक्यात आलं. म्हटलं, "रोगट पानं तोड आणि जाळून टाक. आजच."

कर्जतला पोचते तोच तिचा फोन. "तोडली गं सगळी. पण जाळली नाय. तू भिंगातून बघतेस ना, म्हणून कागदात घालून ठेवलीत तुझ्यासाठी."

तशीच आल्या पावली परत गेले, पाकीट घेऊन आले.

आता ते समोर आहे. नमुन्याच्या पाकिटावर पानं तोडणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत आहे. मी तोडली असती, तर माझं आलं असतं.

अर्धा तास पेन हातात आहे. तुम्ही लगेच लिहिलं असतं का हो तिचं नाव?