तिचं थोडं पुण्यात जितं आहे

माझी मालकीण, म्हणजे बायको, गेली त्याला वर्ष उलटलं होतं. कोल्हारला प्रवरेत राख सोडली, लुगडी वाटून टाकली, तिचं म्हणून घरात काही ठेवलं नाही. तरी ती सगळी गेली नव्हती. तिचं थोडं पुण्यात जितं होतं.

असं म्हटलं की माणसं माझ्या तोंडाकडं बघतात, म्हणून नीट सांगतो. माझी मुलगी शास्त्रज्ञ आहे. मी चौथीत शाळा सोडली; ती इथनं पुण्याला, तिथनं परदेशात शिकून आली. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलायच्या का थांबतात, हा तिचा अभ्यास. तिच्या लग्नासाठी भावकी मागं लागली तेव्हा मीच सगळ्यांची तोंडं बंद केली. पुढं तिची आईच विसरायला लागली. आधी चूल, मग गोठा, मग मी. ताट घेऊन गेलो की पदर सावरून म्हणायची, "पाहुणं, मालक घरी न्हाईत."

तेव्हा मुलीनं आईच्या दंडाची हरभऱ्याच्या डाळीएवढी कातडी काढून नेली. आईला विचारून उपयोग नव्हता, म्हणून हो मी म्हणालो. त्या कातडीपासनं तिनं प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशी तयार केल्या. आई गेली तरी त्या वाढत राहिल्या. दहाव्याचं उरकताच मुलगी पुण्याला पळाली. पेशींना खायला घालायचं होतं.

यंदा पितृपक्ष आला. नवरा जिता असताना गेलेल्या बाईचं पान नवमीला वाढतात. आमच्याकडं तिला अहेव नवमी म्हणतात. थोरली वहिनी पुरणाचं ठरवायला आली आणि ओट्यावर टेकायच्या आतच म्हणाली, "भावजी, पान वाढून पोचायचं कुनाला? तुमच्या लेकीनं तिला बाटलीत कोंडलीया."

"बाटली न्हाई वहिनी. बशी हाय, लहानशी."

"मग बशीत. जीव अडकलाच ना? लेकीला म्हनावं, सोड आईला. न्हाईतर मी पुरनाला हात लावायची न्हाई."

वहिनीपुढं मी कधी हार खाल्ली नाही. पण त्या दिवसापासनं मला घरात बरं वाटेना. दुपारी भाकरी मोडली की वाटायचं, आत कुणीतरी जेवायचं थांबलंय. शेवटी एसटीनं पुणं गाठलं. बंद कर म्हणून सांगायलाच गेलो होतो.

मुलीनं सगळं ऐकून घेतलं. "आप्पा, तेव्हा हो तुमीच म्हणला होता. आता नको म्हणला तर आजच बंद करते. माझी कैक वर्षं पाण्यात जातील, तरी करते. पण आधी बघा तर."

तिनं टीव्हीसारखा एक पडदा चालू केला. नुसता काळोख. "पेशी बोलली की उजळते," म्हणाली. त्यात एक हिरवा ठिपका उजळला, विझला. लांब दुसरा उजळला. मग कुणी हाकेला ओ द्यावी तसा तिसरा. मी पुढं वाकलो.

"दुखतंय का त्यांना?"

"न्हाई. दुखायला अख्खं माणूस लागतं."

"मी आठवतो का?"

तिनं माझा हात धरला. "ह्या पेशी नव्या हायेत आप्पा. ह्यांनी कधी काही बघितलंच न्हाई."

"म्हणजे विसरल्या न्हाईत?"

"विसरायला आधी ठाऊक असावं लागतं."

मी पडद्याकडं बघत राहिलो. विसरलेली बाई मी शेवटपर्यंत सांभाळली. ही तर मला ओळखतच नव्हती. हिनं माझा उंबरा ओलांडला नव्हता. हिला मारायला मी हिचा कोण?

"चालू दे," म्हणालो. मुलगी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

नवमीला पान वाढलं नाही. वहिनी वाटेवरनंच ओरडली, "हटवादी म्हातारा! बायकूला उपाशी ठिवतो!"

"जित्याचं पान वाढत न्हाईत, वहिनी."

"जिती हाय, तर आन की नांदायला!"



तेव्हापासनं मी स्वतःच्या घरात शिरताना दारात खाकरतो. आत परकी बाई असली की पुरुषमाणसानं खाकरावं, तसा. तिला पदर सावरायला वेळ देतो, आणि मग मान खाली घालून आत जातो.