फक्कीची रेष

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, शाळेत कवायत शिकवायचे. मैदानावर फक्कीने पांढरी रेष ओढायची, पोरांना तिच्यामागे उभं करायचं आणि शिट्टी मारायची, यात त्यांचा जन्म गेला. शिट्टीआधी कुणाचा अंगठा जरी सरकला तरी एक लांब शिट्टी फुंकून ओरडायचे, "मागे ये!" पोटच्या पोरीलाही त्यांनी तिच्या शाळेतल्या शेवटच्या शर्यतीत असंच बाद केलं होतं. ताईने ते कधी माफ केलं नाही.

त्यांचाच एक विद्यार्थी दर वेळी शिट्टीआधी पळायचा. असली माणसं आयुष्यात मागे राहत नाहीत. हा पुढारी झाला. सगळे पक्ष फिरून झाल्यावर या साहेबांना देश पायी पालथा घालायची हुक्की आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही पाऊल न गाळता! पण त्यांच्या शब्दावर त्यांच्या घरचेही विश्वास ठेवत नव्हते. म्हणून त्यांनी दाजींना गाठलं.

"गुरुजी, यात्रा तुम्ही चालवा. शेवटी व्यासपीठावर एवढंच सांगा, की पोरगा सगळा रस्ता चालला."

शाळेच्या मैदानावर तेव्हा दुकानांचे गाळे उठणार होते. ते रद्द करा, अशी दाजींनी अट घातली. साहेब म्हणाले, "मैदान तुमचं."

झालं. ज्याला जिना चढताना कठडा लागतो तो माणूस पदयात्रा चालवायला निघाला, आणि ताईने त्याच्या गुडघ्याच्या देखरेखीला मला टेम्पोसकट जुंपलं.

पद्धत अशी होती. संध्याकाळी साहेब थांबले की दाजी त्यांच्या बुटांपुढे रस्त्यावर फक्कीची रेष ओढायचे. साहेब गाडीने मुक्कामाला जायचे, सकाळी गाडी त्यांना त्याच रेषेवर आणून सोडायची. एरवी लोकांना तासन्‌तास ताटकळत ठेवणारा माणूस रेषेमागे उभा राहून शिट्टीची वाट बघायचा. मला तेवढीच करमणूक. पाय सुजले तरी साहेब चालत होते, हे मात्र खरं.

मग एक गाव आलं. तिथल्या स्वागत समितीला कळलं होतं की यात्रा पांढऱ्या रेषेपासून निघते. त्यांना वाटलं, कमानीसारखी ही पण सजावटच. आणि आमची रेष होती कुठे, तर नदीपलीकडे, कचऱ्याच्या ढिगाशेजारी. तिथे कोण फोटो काढणार? समितीने अध्यक्षांच्या दुकानासमोर स्वतःची रेष मारली, तीही चांगल्या ऑइलपेंटने, आणि सकाळी साहेबांची गाडी तिथेच थांबवली. आम्ही बसलोय खऱ्या रेषेवर माश्या मारत! शेवटी बँड ऐकून टेम्पो पळवला, तर साहेब चालायलाही लागले होते.

"मागे चल," दाजी म्हणाले. "पुलापलीकडून."

"गुरुजी, एवढे लोक जमलेत. एवढासा तुकडा काय धरून बसता?"

"तुकडा राहिलाय."

साहेब गोड हसले. "मैदान लक्षात आहे ना?"

दाजी टेम्पोत येऊन बसले. मला त्यांचाच राग आला. म्हटलं, "सोडा की दाजी! मैदान वाचतंय. पोरं खेळतील."

"काय शिकून खेळतील?" ते म्हणाले. तरी समुद्र दिसेपर्यंत रोज संध्याकाळी रेष ओढत राहिले.

समुद्रकिनाऱ्यावर ही गर्दी लोटली होती. दाजींच्या हातात माईक दिला.

"पोरगा पुष्कळ चालला," ते म्हणाले. "पण नदीजवळचा एक तुकडा..."

माईक बंद पडला. असले माईक बरोबर वेळेवर बंद पडतात. साहेब हात जोडून पुढे निघाले, तेवढ्यात दाजींनी खिशातून शिट्टी काढून तशीच लांब फुंकली. शिट्टीला वीज लागत नाही.

आणि साहेब, आईशपथ सांगतो, दोन पावलं मागे सरले आणि पाय जुळवून उभे राहिले! लोकांना वाटलं कार्यक्रमच आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला मात्र दाजींचा एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

मैदान गेलं. गाळे उभे राहिले. उद्घाटनाच्या दिवशी दाजी घरीच पाय लांब करून बसले होते. ताई गुडघा शेकत म्हणाली, "पोरीच्या वेळचं आज मी सोडलं हो."

तिथून मी मुद्दाम उद्घाटन बघायला गेलो. साहेबांनी कात्री उचलली, फितीपर्यंत आले आणि थबकले. मान वळवून त्यांनी सगळ्या गर्दीवरून नजर फिरवली, मास्तर कुठे उभे नाहीत ना म्हणून.