वेलीची मागची बाजू

तात्यांनी एकेचाळीस वर्षं लोकांचे केस कापले आणि एवढ्या वर्षांत चूक म्हणून एकदाही कबूल केली नाही. कुणाच्या कानामागे कात्री जरा जास्तच चालली, तरी ते डोक्यामागे लहान आरसा धरून मागची बाजू दाखवत आणि शांतपणे म्हणत, "पंधरा दिवसांत बसतील." गिऱ्हाईक मान हलवून "ठीक आहे" म्हणे. स्वतःची मागची बाजू कुणाला नीट दिसते म्हणा.

दुकान पुतण्याकडे सोपवून ते घरी बसले, पण हात काही स्वस्थ बसेनात. त्यातच ऐन थंडीत त्यांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणते, न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टरांनी वॉकर दिला आणि रोज चाला म्हणून बजावलं. दोन-तीन महिने अशाच पडून राहिलात तर पुढे चालणं विसरा, असंही सांगितलं. पण काकूंनी धसका घेतला तो घेतलाच. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, तेही तात्यांचा दंड गच्च धरून. त्यापुढे एक पाऊल नाही.

तात्यांनी लाडीगोडी लावली, आवाज चढवला, दोन दिवस अबोला धरून पाहिला. शेवटी काकूच कंटाळल्या.

"माझी वेल फुलली की उठेन. पार वेलीखाली जाऊन उभी राहीन. झालं समाधान?"

जांभळ्या घोसांची ती वेल काकूंनी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी शेजारच्या भिंतीलगत लावली होती. बाग सगळी त्यांची. तात्यांचा बागेशी संबंध खुर्ची टाकून चहा पिण्यापुरता. पण आता वेल फुलायलाच हवी होती आणि ती तर जटा वाढवून बसली होती. तात्यांना एकच विद्या येत होती: वाढलं की कापायचं, कापलं की जोमानं येतं. एका सकाळी ते कात्री घेऊन शिडीवर चढले आणि दोन तासांत त्यांनी वेल अशी नेटकी केली की एक काडी बाहेर डोकावेना. खाली उतरून त्यांनी मान तिरकी करून काम पाहिलं आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले.

वसंत आला. समोरच्या घरी पिटुनियाच्या कुंड्या ओसंडल्या, कोपऱ्यावरच्या घरात गुलाबांनी नुसता धुमाकूळ घातला. काकूंच्या खिडकीखालचा फ्लॉक्ससुद्धा फुलला. वेलीला मात्र पानंच पानं. तात्यांनी रोपवाटिकेवाल्याला बोलावून आणलं. त्यानं एक फांदी हातात धरली आणि कपाळाला हात लावला.

"तात्या, ही गेल्या वर्षीच्या काड्यांवर फुलते. तुम्ही काड्या नाही, कळ्याच कापल्यात. आता पुढच्या वर्षी."

पंधरा दिवसांत बसतील, असं इथे म्हणायची सोय नव्हती. तात्या घरात गेले आणि पलंगाच्या कडेला बसले.

"अगं, वेल यंदा फुलायची नाही. चूक माझी आहे."

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "तिची बिनपाण्यानं करत होतात, तेव्हा मी खिडकीतून बघतच होते."

"मग ओरडली का नाहीस?"

काकू चादरीची कड चुरगाळत राहिल्या. "फुलली असती तर उठावं लागलं असतं. मला भीती वाटते हो. परत पडले तर?"

तात्या बोलणी खायच्या तयारीनं आले होते. हे ऐकून त्यांना गलबलून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडच्या मास्तरीणबाई आल्या. त्यांच्या हातात जांभळे घोस होते, दोन्ही मुठी भरून.

"तुमच्या वेलीनं आमची अख्खी भिंत झाकलीय. आमच्या बाजूला कात्री पोचली नाही वाटतं?"

तात्यांची कळी खुलली. "शब्द वेल फुलण्याचा होता. कुठल्या बाजूनं, ते ठरलं नव्हतं."

"अहो, तिथं जायचं म्हणजे आपलं फाटक, गल्ली, मग यांचं अंगण," काकू घाईघाईनं म्हणाल्या. "तो तुमचा आरसा धरा ना भिंतीवरून. इथूनच बघते."

"आरसा दुकानात राहिला."

आरसा दाराशेजारच्या खिळ्याला लटकत होता. काकूंनी आधी आरशाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"आणि पडले तर?"

"मी मागे आहे ना. एकेचाळीस वर्षं लोकांच्या मागेच तर उभा राहिलो."

काकूंनी वॉकर पुढे ओढला. फाटकापाशी त्या दमल्या, गल्लीत दोनदा थांबल्या आणि एकदा तात्यांना उगाचच झापलं. मास्तरीणबाईंनी अंगणात खुर्ची मांडून ठेवली होती, पण काकू बसल्या नाहीत. भिंतीवर वरपासून खालपर्यंत घोस लोंबत होते. त्या खाली जाऊन उभ्या राहिल्या. तात्या एक पाऊल मागे, दोन्ही हात पुढे धरून, पण न टेकवता.

काकूंनी सावकाश सगळी भिंत पाहिली आणि मागे न वळता मान हलवली.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.