खुंटी फिरली नाही

मास्तरांनी शहरातल्या निम्म्या फोटोवाल्यांना कॅमेऱ्यात रीळ भरायला शिकवलं होतं. शिकवण एकच. लिव्हर ओढली की डावीकडची खुंटी फिरली पाहिजे. फिरली म्हणजेच आत फिल्म सरकतेय. फोटो मोजणाऱ्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही, तो रिकाम्या कॅमेऱ्यातही पुढे पळतो. खुंटी न पाहणाऱ्याच्या टाळक्यात ते लेन्सचं झाकण हाणायचे.

एका सकाळी कारखान्यात प्रेस मशीनवरच्या कामगाराचा उजवा हात गेला. युनियनवाला धापा टाकत दुकानात आला. "मास्तर, चला. साहेबलोक यायच्या आत." मास्तरांनी जुना धातूचा कॅमेरा उचलला, कोपऱ्यांवरचा काळा रंग उडून पितळ दिसणारा. फ्लॅश खांद्याला लावला. रीळ भरलं ते कारखान्याच्या गेटवर, स्कूटरच्या सीटवर. वॉचमन हुज्जत घालत होता, मास्तर त्याचा पाणउतारा करत होते, आणि त्या तावातच त्यांनी मागचं झाकण दाबलं.

मशीनवर संरक्षक जाळी नव्हती. तिच्या बोल्टांच्या भोकांना गंज चढलेला, एकात कोळ्याने घर केलेलं. म्हणजे जाळी आज निघालेली नव्हती, कित्येक महिने नव्हतीच. मास्तरांनी एकेक भोक जवळून टिपलं. छत्तीस झाले, रिळात असतात तेवढे. सदतीस. लिव्हर अडली नाही. अडतीस. एकोणचाळीस. तेव्हा कुठे त्यांनी खुंटीकडे पाहिलं. ती हलत नव्हती.

दुसरं रीळ भरायच्या आत साहेबलोक आले आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

"आलं ना सगळं?" युनियनवाल्याने विचारलं.

"आलं," मास्तर म्हणाले.

संध्याकाळी मशीनवर नवी कोरी जाळी बसली. इकडे मास्तरांनी रीळ धुतलं. खिडकीच्या काचेसारखं स्वच्छ निघालं. तरीही त्यांनी ते चिमटे लावून वाळत घातलं.

मालक म्हणू लागला, जाळी कामगारानेच काढली होती. मास्तर रोज युनियनवाल्याला "उद्या देतो" म्हणू लागले. आठवड्याभरात शहराने ठरवून टाकलं, मास्तर विकले गेले. त्यांनी नाही म्हटलं नाही. विकला गेलेला मास्तर चालला असता. रीळ भरता न येणारा मास्तर कसा चालेल?

"किती घेतलेत ते घरात तरी सांगा," बायको म्हणाली. "मी आपली फुकटच बदनाम होतेय."

मास्तर जेवत राहिले.

नवव्या दिवशी कामगाराची बायको दुकानात आली आणि फोटोसाठी गिऱ्हाईक बसतं त्या स्टुलावर बसली. मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. का सांगितलं, त्यांनाही कळलं नाही.

ती म्हणाली, "तुम्ही फोटो विकले असते तर बरं झालं असतं. कुठेतरी असते तरी."

मास्तर लेन्सचं झाकण पुसू लागले.

"पण भोकं तुम्ही पाहिलीत ना?"

"पाहिली."

"मग तेवढं सांगा अपघाताच्या चौकशीत."

"फोटो का नाहीत, विचारतील."

"मग तेही सांगा."

चौकशीच्या खोलीत टेबलावर नव्या जाळीचा चकचकीत फोटो होता. काढणारा मास्तरांचाच शिष्य, दारात उभा. मालकाचा वकील म्हणाला, "एकोणचाळीस वेळा बटण दाबलंत आणि फोटो एकही नाही?"

मास्तरांनी कॅमेरा उघडला. एक रीळ घातलं, टोक न अडकवता झाकण लावलं आणि लिव्हर ओढली. "खुंटी बघा." आकडा एक, दोन, तीन झाला. खुंटी जागची हलली नाही. मागे कुणीतरी हसलं. कोण, ते मास्तरांना न बघता कळलं.

"भोकांना गंज होता," ते म्हणाले. "डावीकडून तिसऱ्यात कोळ्याचं घर. मी भिंगातून पाहिलंय. लिहून घ्या."

चौकशी अधिकाऱ्याने लिहून घेतलं, मग पेन खाली ठेवलं. "उद्या ती जाळी खोलून भोकं बघू."

वकील फायली चाळू लागला. कारकुनाने जबाब सहीसाठी पुढे सरकवला. "व्यवसायाची जागा कोरी राहिलीय. काय लिहू?"

दारातून शिष्य म्हणाला, "मास्तर सोडून काहीही लिहा." मास्तरांना ते ऐकू आलं, पण लागलं नाही.

"फोटोग्राफर," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.