सागवानाचं टेबल

आमचे भाऊजी चंपतराव म्हणजे एक नंबरचे हट्टी. नागपूरच्या नंदनवन भागात घर, तिथंच वाडीला लाकडाची वखार आणि एकुलता एक पोरगा. नाव लहानू, पण दारातून वाकून आत यायचा. दिवसभर बापलेक वखारीत सोबत असत. संध्याकाळ झाली की लहानू सदर भागातल्या क्लबात बिलियर्ड खेळायला पसार. माझी बहीण वारल्यापासून तर तो घरी झोपायलाच यायचा. भाऊजींना घर खायला उठायचं. एकदा मला म्हणाले, "टेबलच घरी आणतो गा. मंग तरी बसन माह्यापाशी."

क्लबानं जुनं टेबल विकायला काढलं होतं. आम्ही तिघं पाहायला गेलो. वरची हिरवी बनात, म्हणजे लोकरी कापड, फाटलेली, पण खाली जाड दगडाची लादी, एकदम सपाट. लहानू तिच्यावरून हात फिरवत म्हणाला, "बाबा, हेच घ्या. बनात नवी लावू."

"दगड? लाकडाच्या व्यापाऱ्याच्या घरी दगडाचं टेबल? लोक थुकतीन माह्या तोंडावर!"

झालं! वखारीतलं सगळ्यात जुनं सागवान काढलं, मिस्त्री बसवला. टेबल असं देखणं झालं की गल्ली पाहायला लोटली. थंडीभर लहानू खरंच घरी राहिला. मी गेलो की दोघं हसत असायचे. भाऊजींना खेळ काडीचा येत नव्हता, तरी काठी घेऊन उभे राहायचे. तेवढेच काय ते सुखाचे दिवस.

मग आपला नागपूरचा उन्हाळा. खिडकीला वाळ्याची ताटी, तिच्यावर दिवसभर पाणी. टेबल एकीकडून ओलं, दुसरीकडून तापलेलं. लाकूड वाकलं. बॉल कुठंही ठेवा, तो खिडकीकडच्या कोपऱ्यात जायचा.

"बाबा, खाली लादी टाकून घेऊ."

"माह्या सागवानाले नावं ठेवतं काय बे? तुलेच खेळता येत नाही!"

एवढ्याशा गोष्टीवरून केवढं रामायण! पावसाळ्याआधी लहानू मनीषनगरात भाड्याच्या खोलीत गेला. वखारही सोडली. मी भाऊजींना म्हटलं, लादी टाका, पोरगा परत येतो. तर म्हणाले, "तुले लाकडातलं काय समजते?" मीही संतापलो. म्हटलं, लाकडातलं नाही समजत, पोरातलं समजते.

दिवाळीला लहानू येणार होता. सकाळीच भाऊजी मला हळूच म्हणाले, "आज त्यानं लादीचं काढलं, तर मी हो म्हणतो." बनात स्वतः झाडून ठेवली.

लहानू आला, पाया पडला. "एक डाव खेळतं काय?" भाऊजींचा आवाज इतका बारीक, की मलाच भरून आलं. लहानूनं काठी घेतली. बॉल घरंगळत कोपऱ्यात गेला. भाऊजी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. मी मनात म्हणतोय, बोल गाढवा, बोल!

लहानू गोड हसला. "छान आहे टेबल, बाबा. लाकूड एक नंबर."

परक्याच्या घरी बोलतात तसं. चहा घेतला, फराळाचं कौतुक केलं आणि निघाला. भाऊजी फाटकापर्यंतही गेले नाहीत.

"भांडला नाही गा तो माह्यासंगं," म्हणाले आणि तिथंच खाली बसले.