गोंदियाचा भाव

आमच्या गावाशेजारच्या वडशाला एसटीडीचं बूथ उघडलं, तेव्हा फीत कापायला आलेल्या साहेबांनी भाषण ठोकलं. आता शेतकरी बसल्या जागी भाव विचारेल, माहिती हेच नवीन धन आहे, वगैरे. आम्ही टाळ्या वाजवल्या. धन म्हटलं की ते कोणाच्या तिजोरीत जातं, हे ठाऊक असूनही वाजवल्या. आमच्या गावाला टाळ्यांची फार हौस.

त्याआधी धानाचा भाव गोंदियाहून छोट्या रेल्वेनं यायचा. शिळा यायचा, पण फलाटावर उभ्या असलेल्या सगळ्यांना एकदमच कळायचा. मग शेठकडे, म्हणजे आमच्या गावाचं धान घेणाऱ्या वडशाच्या व्यापाऱ्याकडे फोन आला आणि भाव थेट त्याच्या गादीवर उतरू लागला. आम्हाला मिळायचा तो शेठ सांगेल तेवढाच.

म्हणून गावानं ठरवलं, आपणही बूथवरून गोंदियाला विचारायचं. त्यात माझा जीव अडकला होता. मी दहावी पास झाले होते, मला नागपूरला नर्सिंगला जायचं होतं, आणि बाबांनी सांगून ठेवलं होतं, "धान चांगलं गेलं तं जाशीन."

पण फोन लावायचा कोणाला? गोंदियात आमचं कोण बसलं होतं फोन घेऊन! तेव्हा शाळेच्या मास्तरांना अक्कल सुचली. शेठकडून आणलेल्या रिकाम्या पोत्यांवर गोंदियाच्या एका अडत दुकानाचं नाव आणि नंबर छापलेला होता. तोच त्यांनी उतरवून घेतला. शेठच्या पोत्यावर हा नंबर आला कुठून, असं कुणी विचारलं नाही. छापलेलं आहे म्हणजे सरकारीच असणार, अशी आमची समजूत.

बूथमध्ये मास्तर, आणि काचेला नाक लावून बाहेर अर्धं गाव. बाबा होते, मीही होते. सगळ्यांचं लक्ष मशीनवर पळणाऱ्या लाल आकड्यांकडे. पलीकडच्या माणसानं आधी विचारलं, कुठून बोलता. मास्तरांनी गाव सांगितलं, कोणाकडे किती धान पडलं आहे ते सांगितलं, घेणारा शेठ कोण तेही सांगून टाकलं. सोयरीक जमवायला आलेला माणूसही घरची एवढी माहिती देत नाही. मग तिकडून भावाचा एक आकडा आला आणि वर सल्ला, "भाव गिर रहा है, जल्दी निकालो." मास्तरांनी दोनदा धन्यवाद म्हटलं आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "भाव पडून राह्यला. लवकर इका."

"थोडं थांबून पाहा नं, बाबा," मी म्हटलं.

"मशीन काऊन खोटं बोलन?" बाबा म्हणाले.

त्याच आठवड्यात अख्ख्या गावानं धान शेठच्या मिलवर नेऊन ओतलं. शेठनं फोनवरच्या भावापेक्षाही थोडा कमीच दिला, वरून चहा पाजला. लोक चहाचंच कौतुक करत परतले.

महिन्याभरानं मामा गोंदियाहून आले. आमची हकिगत ऐकून ते हसायलाच लागले. "पडला? गोंदियाले तं तवापासून चढूनच राह्यला. फोन कोनाले केला होता?"

बाबांनी पोतं पुढे केलं. मामांनी दुकानाचं नाव वाचलं आणि त्यांचं हसू थांबलं. "हे तं तुमच्या शेठच्या साल्याचं दुकान होय, भाऊजी."

बाबांनी पोतं गुंडाळून कोपऱ्यात टाकलं. मास्तर मात्र लाईन खराब होती असं सांगत गावभर फिरले. शेठचा मला राग आला नाही, तो त्याचा धंदाच होता. राग आला तो मास्तरांचा, आणि त्यांना शहाणं समजणाऱ्या आमच्या गावाचा. तो अजून गेलेला नाही.

उन्हाळ्यात नर्सिंगचा अर्ज गेलाच नाही. बाबा म्हणाले, पुढच्या साली. पुढच्या साली ते स्वतः रेल्वेनं गोंदियाला जाऊन भाव काढून आले आणि धान खरंच चांगलं गेलं. मी कपडे धुऊन, घड्या घालून पेटीत ठेवले. पण त्याच साली धाकटा भाऊ दहावी झाला. नागपुरात कॉम्प्युटरचे क्लास निघाले आहेत, पुढचा जमाना त्याचाच आहे, असं मास्तरांनी बाबांच्या डोक्यात भरवलं. फीची सोय एकाचीच होणार होती.

"तुयं तं एक साल गेलंच," बाबा मला म्हणाले, "आता त्याचं काऊन घालवाचं?"